लाभांश, स्प्लिट, बोनस: ताळेबंद जुळतो तरी हिशेब चुकतो, या चुका टाळा

ताळेबंद जुळला की आपण पेन खाली ठेवतो. भागधारकांच्या इक्विटीच्या, म्हणजे कंपनीतल्या मालकांच्या वाट्याच्या, बाबतीत ही सवय नडते. इथल्या काही चुका दोन्ही बाजू व्यवस्थित जुळवून बसलेल्या असतात.

सर्वांत लबाड चूक म्हणजे लाभांश खर्चात टाकणं. समजा, कंपनीचे १,००,००० शेअर आहेत आणि दर्शनी मूल्य १०. म्हणजे भागभांडवल १० लाख. शेअर प्रीमियम (दर्शनी मूल्यावर जास्त मिळालेली रक्कम) ४ लाख, राखून ठेवलेला नफा ६ लाख, एकूण इक्विटी २० लाख. शेअरमागे २ प्रमाणे २ लाखांचा लाभांश जाहीर झाला आणि तुम्ही तो नफा-तोटा पत्रकात पगार, भाडं यांच्या रांगेत बसवला. वर्षाचा नफा २ लाखांनी घटला, घटलेलाच पुढे ओढला गेला आणि राखून ठेवलेल्या नफ्याची शिल्लक अगदी बरोबर आली! ताळेबंद तक्रार करणार तरी कशाची? चुकला तो वर्षाचा नफा आणि त्यावरून काढलेलं ईपीएस, म्हणजे शेअरमागचा नफा. लाभांश ही कमावलेल्या नफ्याची वाटणी आहे, तो नफा कमावण्यासाठी आलेला खर्च नव्हे.

मग तारखांचा घोळ. लाभांश रीतसर जाहीर झाला त्याच दिवशी राखून ठेवलेला नफा नावे, देय लाभांश जमा. इक्विटी २० वरून १८ लाखांवर येते ती तेव्हाच. रेकॉर्ड डेटला कोणाला पैसे द्यायचे ती यादी पक्की होते, नोंद काहीच नाही. पैसे देताना देय लाभांश नावे, बँक जमा. इक्विटी जागची हलत नाही. वर्ष संपल्यावर जाहीर केलेला लाभांश आयएएस १० या आंतरराष्ट्रीय लेखा मानकानुसार संपलेल्या वर्षाच्या देण्यांत धरत नाहीत.

उत्तर थोडक्यात हुकतंय? ट्रेझरी शेअर बघा. कंपनीने स्वतःचे ५,००० शेअर परत घेऊन ठेवले असतील, तर लाभांश उरलेल्या ९५,००० वरच, म्हणजे १,९०,०००. हा १०,००० चा फरक बेरजेत शोधत बसणारे खूप असतात.

स्प्लिट खरं तर सोपं. एकाचे दोन झाले की शेअर २ लाख, दर्शनी मूल्य ५, भागभांडवल तेच १० लाख. जुन्या १० नेच गुणलंत तर १० लाख हवेतून उगवतात. मूल्य बदलल्याची टीप पुरे, जर्नल नोंद नको. मात्र तुलनेसाठी मागच्या वर्षाचं ईपीएसही नव्या संख्येने काढा, नाहीतर ३ चं १.५ दिसतं आणि वाचणाऱ्याला नफा निम्म्यावर आल्यासारखा वाटतो.

बोनस शेअरला, म्हणजे भागधारकांना फुकट दिलेल्या जादा शेअरना, स्प्लिटसारखं वागवू नका. इथे एकूण रक्कम तीच राहते, पण आतली खाती हलतात. वरच्याच कंपनीने, लाभांश न देता, १० टक्के बोनस दिला, म्हणजे १०,००० शेअर, आणि बाजारभाव ३० आहे असं धरू. दर्शनी मूल्याने नोंद केली तर १ लाख हलतो: नफा ५, भांडवल ११, प्रीमियम ४. बाजारभावाने केली तर ३ लाख: नफा ३, भांडवल ११, प्रीमियम ६. दोन्हीकडे बेरीज २० च. अमेरिकी नियमांत साधारण २०-२५ टक्क्यांखालचा बोनस बाजारभावाने आणि त्यावरचा दर्शनी मूल्याने घेतात. त्यामुळे उत्तर पुस्तकाशी जुळेना, तर आधी पुस्तक कुठल्या नियमांचं आहे ते पाहा.

आणि राखून ठेवलेला नफा ६ लाख म्हणजे बँकेत ६ लाख पडलेत असं नव्हे. ते यंत्रांत, मालात, उधारीत अडकलेले असू शकतात.

राहिले क्युम्युलेटिव्ह प्रेफरन्स शेअर, म्हणजे ज्यांना लाभांश आधी मिळतो आणि न दिलेला पुढे साठत जातो असे शेअर. त्यांचा थकलेला लाभांश जाहीर होईपर्यंत देणं नसतो, टिपांमध्ये मात्र दाखवावा लागतो. वर्षाला ५०,००० द्यायचे होते, दोन वर्षं थकले आणि यंदा एकूण २ लाख जाहीर झाले, तर आधी थकबाकीचे १ लाख, मग यंदाचे ५०,०००. इक्विटी शेअरवाल्यांच्या वाट्याला उरतात ५०,०००.