टेबलावर जोडायची रेल्वे: मॉड्यूल बनवायचं आणि प्रदर्शनात मांडायचं कसं

वन बीएचकेत मॉडेल रेल्वेचा आठ फुटी लेआउट, म्हणजे रूळ आणि सीनरीची मांडणी, कायमची ठेवणार कुठे? म्हणून तुकड्यांत बनवा. एकेक तुकडा म्हणजे मॉड्यूल, कपाटावर ठेवायचा, प्रदर्शनाच्या दिवशी मित्रांच्या तुकड्यांना जोडायचा. माझ्या मते मुंबईसाठी बेस्ट म्हणजे एन स्केलचं टी-ट्रॅक, म्हणजे टेबलावर जोडायच्या मॉड्यूलची ठरलेली पद्धत, मूळ जपानची, तिथेही घरं लहानच. एन स्केल म्हणजे खऱ्या गाडीच्या 1:160, रुळांमधलं अंतर 9 मिमी. तसं आपल्या 1676 मिमी ब्रॉडगेजला साडेदहा मिमी लागेल, आणि हे सांगणारे एक काका प्रत्येक प्रदर्शनात भेटतातच, हो म्हणायचं आणि गाडी चालू ठेवायची.

आधी मॉड्यूलचा लाकडी डबा. सिंगल मॉड्यूल 308 मिमी लांब, त्यावर काटो या जपानी कंपनीचे 248 आणि 62 मिमीचे सरळ ट्रॅक जोडून लावायचे म्हणजे 310 होतात, दोन्ही टोकांना एकेक मिमी रूळ बाहेर राहतो. हा एक मिमी फार महत्त्वाचा, कारण जोडताना रुळाला रूळ भिडला पाहिजे, लाकडाला लाकूड नाही. मॉड्यूलवर अशा दोन समांतर लाइनी असतात, त्यांच्या मध्यापासून मध्यापर्यंत 33 मिमी ठेवा आणि पुढच्या कडेपासून ट्रॅक किती आत हे ग्रुपमध्ये आधीच ठरवून घ्या. टोकं सगळ्यांची सारखी, मधे ज्याला जे हवं ते, कोणी खंडाळ्याचा घाट करेल, कोणी दादरचा फलाट.

प्लायवाल्याकडूनच कापून घ्या, काटकोन नीट येतो. एमडीएफ स्वस्त पडतं पण पावसाळ्यात फुगतं, प्लाय बरा, आणि रंग किंवा सीलर आतून-बाहेरून दोन्हीकडे मारा, एकाच बाजूला मारला तर वाक येतो. चार कोपऱ्यांत खालून टी-नट (लाकडात ठोकून बसवायचा नट) आणि बोल्ट बसवा, हॉलमधली टेबलं कधीच एका लेव्हलला नसतात, तिथे बोल्ट फिरवून उंची जुळवायची. पाणसळ सोबत ठेवा.

वायरिंग सोपं आहे, 12 व्होल्ट डीसी. दोन लाइनींच्या चार रुळांना पुढून मागे निळी-पांढरी-पांढरी-निळी वायर हा क्रम सगळ्यांनी पाळायचा, एकाने जरी उलटा केला की जोडल्याबरोबर शॉर्ट. लेआउट लांब असेल तर फीडर (रुळाला वीज देणारी वायर) एकाच ठिकाणी देऊ नका, लांबच्या टोकाला गाडी मंदावते. वायर, कनेक्टर लॅमिंग्टन रोडला मिळतात.

सीनरीत तुम्हाला हवं ते करा. डोंगराला थर्माकोल, पण त्यावर डायरेक्ट स्प्रे पेंट नको, विरघळतो, आधी कागद आणि फेविकॉलचा थर द्या. वापरलेली चहापत्ती धुऊन कडक वाळवली की मातीसाठी मस्त, ओली राहिली तर बुरशी धरेल. लोकल करायची असेल तर हिशोब बघा: डबा अंदाजे 20 मीटर, म्हणजे इथे साडेबारा सेंटीमीटर, 12 डब्यांची गाडी दीड मीटर, त्यामुळे फलाटालाच पाच सिंगल मॉड्यूल जातात. इतके नसतील तर चार डब्यांची चालवा, कोणी मोजत नाही (ते काका सोडून).

आता प्रदर्शन. सोसायटीचा हॉल, शाळेचं गॅदरिंग, गणपतीची आरास, कुठेही चालतं. नेताना दोन मॉड्यूल समोरासमोर ठेवून टोकांना प्लायच्या पट्ट्या स्क्रूने लावा, मग बॅगेत, आणि लोकलने जायचं असेल तर गर्दीची वेळ टाळा. लूपसाठी वळणाचे चार कॉर्नर मॉड्यूल लागतात, नुसते ते जोडले तरी पाऊण मीटरच्या टेबलावर गाडी गोल फिरते.

मांडल्यावर प्रेक्षकांच्या बाजूला अॅक्रिलिकची पट्टी लावाच, कारण लहान मुलांचा हात गाडीपेक्षा फास्ट असतो, आणि ओरडण्यापेक्षा एखाद्याला कंट्रोलर हातात दिलेला बरा, तो मग बाकीच्यांना स्वतःच दम देतो. खोकी लपवायला टेबलाला काळं कापड. एक्स्टेंशन बोर्ड, जादा जॉइनर (रुळाला रूळ जोडणारा तुकडा), सोल्डरिंग गन घ्या. मधूनमधून रूळ आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, इथल्या धुळीत आणि दमटपणात काळा थर लगेच बसतो आणि इंजिन अडखळायला लागतं. एकच इंजिन दिवसभर पळवू नका, दोन-तीन आलटूनपालटून चालवा.

सोडवताना मॉड्यूल वर उचलायचं नाही, टेबलावरच सरळ आडवं ओढायचं, नाहीतर जॉइनर वाकतो.