शिक्षकांनो, जाहीर मत मांडताना या चुका टाळा

‘ही मते माझी वैयक्तिक आहेत’ अशी ओळ खाली टाकली की आपण मोकळे झालो, असा अनेक शिक्षकांचा समज असतो. पण वाचणाऱ्या पालकाच्या लेखी तुम्ही रात्री दहालाही त्याच्या मुलीचे सर किंवा बाईच असता. त्या ओळीवर विसंबू नका. त्यापेक्षा एक प्रश्न स्वतःला विचारा: हे मला कळलं कुठून?

अभ्यासक्रम, परीक्षापद्धती, गृहपाठ, वर्गातली पटसंख्या यांवर खुशाल लिहा. पण जे फक्त वर्गावर असल्यामुळे, पालकसभेत किंवा स्टाफरूममध्ये बसल्यामुळे कानावर आलं, ते विश्वासाने आलेलं असतं. ते तुमचं नाही.

सगळ्यात जास्त नुकसान करणारी चूक म्हणजे नाव गाळलं की काम झालं, असं समजणं. ‘माझ्या सातवीच्या वर्गातली एक मुलगी वडील गेल्यापासून गणितात मागे पडली आहे.’ यात नाव नाही, हेतूही चांगला आहे. तरी ती कोण हे सातवीतल्या प्रत्येकाला कळतं, आणि सकाळी तिला त्याच वर्गात येऊन बसायचं असतं. त्याऐवजी ‘घरात दुःखद घटना घडली की मूल अभ्यासात मागे पडतं, अशा वेळी मी गृहपाठाची सक्ती करत नाही’ असं लिहा. मुद्दा जागेवर राहतो आणि मुलगी त्यातून सुटते. तेही त्याच आठवड्यात नको, काही महिने जाऊ द्या.

उत्तरपत्रिकेतल्या गमतीदार उत्तरांचे फोटो तर अजिबात टाकू नयेत, असं माझं ठाम मत आहे. वर्गमित्र एकमेकांचं अक्षर लगेच ओळखतात.

याच्या उलट चूक म्हणजे भीतीपोटी तोंडच न उघडणं. अमेरिकेत मार्व्हिन पिकरिंग या शिक्षकाने शाळा मंडळाच्या खर्चावर टीका करणारं पत्र स्थानिक वृत्तपत्राला लिहिलं. त्याला नोकरीवरून काढलं गेलं. 1968 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला. पत्रातले काही तपशील चुकीचे होते, पण ते त्याने जाणूनबुजून किंवा बेफिकिरीने लिहिल्याचा पुरावा नव्हता. सार्वजनिक प्रश्नावर त्याने नागरिक म्हणून लिहिलं, हे महत्त्वाचं ठरलं. त्याच न्यायालयाने 2006 मध्ये गार्सेटी नावाच्या खटल्यात मात्र सरकारी कर्मचाऱ्याने नोकरीच्या कामाचा भाग म्हणून केलेल्या वक्तव्याला अभिव्यक्तिस्वातंत्र्याचं हे संरक्षण नाकारलं. प्रत्येक देशाचे, प्रत्येक संस्थेचे नियम वेगळे असतात; आपल्या सेवाशर्ती लिहिण्याआधीच वाचून ठेवा.

रागात लिहिलेलं रात्रभर तसंच राहू द्या. ‘फक्त मित्रांसाठी’ ही सेटिंगही भरवशाची नाही, कारण स्क्रीनशॉट काढायला एक क्षण पुरतो.

चूक होऊन गेली असेल तर मजकूर आधी काढा आणि बाहेरून कळायच्या आत मुख्याध्यापकांना स्वतः सांगा. विद्यार्थ्याचा संबंध असेल तर त्याला आणि पालकांना प्रत्यक्ष भेटून माफी मागा. प्रतिक्रियांमध्ये खुलासे देत बसू नका. प्रत्येक खुलाशागणिक ते मूल नव्या वाचकांपुढे येतं.