बर्फ, गोळ्या की गोठता पाऊस? गाडी काढण्याआधी कसं ओळखायचं

टोरोंटोत नव्याने आलेल्याला कुणीतरी सांगतंच की पारा शून्याखाली असला तर बर्फ, वर असला तर पाऊस. हे डोक्यातून काढून टाका. इथल्या हिवाळ्यात पाऊससुद्धा बहुतेक वेळा वर ढगात बर्फ म्हणूनच जन्मतो. खाली येताना वाटेत कसली हवा भेटते, त्यावर त्याचं रूप ठरतं. अंगणातल्या तापमापीला ते कळत नाही.

आधी बलूनची नोंद उघडा, म्हणजे हवामानखात्याचा फुगा वर जाताना कुठल्या उंचीवर किती तापमान होतं याची नोंद. टोरोंटोजवळच्या अमेरिकेतल्या बफेलो शहराची नोंद हिवाळ्यात सकाळी ७ आणि संध्याकाळी ७ ची असते, आलेख नेटवर फुकट मिळतो. त्यात शून्य अंशाची तिरकी रेघ शोधा आणि तापमानाची रेघ तिच्या उजवीकडे, म्हणजे शून्याच्या वर, कुठे जाते ते पाहा.

कुठेच जात नसेल तर बहुतेक वेळा बर्फच.

अगदी जमिनीलगतच जात असेल तर हवा किती कोरडी आहे ते बघा. कोरड्या हवेत २ अंशांनाही बर्फ पडतो, कारण पडता पडता थोडं पाणी उडून जातं आणि भोवतालची हवा गार होते. माठातलं पाणी गार होतं तसंच.

आता अवघड भाग. खाली थंड, वर थंड आणि मध्ये ऊबदार थर. इथे मी तीन हिवाळे चुकलो. सगळे सांगतात, खालचा थंड थर जाड असेल तर थेंब गोठून गोळ्या होतात, पातळ असेल तर गोठता पाऊस. हे अर्धंच खरं आहे. आधी मधला थर किती ऊबदार आहे ते बघा. तो १ ते ३ अंशांचा असेल तर बर्फाची पाकळी पुरती वितळत नाही, आत एक कण उरतो. खालच्या थंडीत थेंब त्या कणापासून गोठायला लागतो आणि गोळी होते. थर ३ अंशांच्या वर गेला की कणही उरत नाही. विरजण नसेल तर दही लागत नाही, तसा हा थेंब उणे ३-४ अंशांतही पाणीच राहतो आणि ज्याला टेकेल त्यावर गोठतो. हाच गोठता पाऊस.

एका डिसेंबरात खालचा थर चांगला जाड दिसला. ‘गोळ्याच पडतील, त्या चिकटत नाहीत’ असं बायकोला सांगून मी गाडी काढली. मधला थर ५ अंशांचा होता, तो मी पाहिलाच नव्हता. वीस मिनिटांत काचेवर बर्फाचा पापुद्रा चढला, वायपर जागीच चिकटले आणि सिग्नलला गाडी आडवी झाली. मागे मुलगी झोपलेली होती. कुणाला लागलं नाही, पण तेव्हापासून मधल्या थराचा आकडा पाहिल्याशिवाय मी किल्लीला हात लावत नाही.

जानेवारी १९९८ मध्ये मॉन्ट्रियल भागात असेच थर दिवसेंदिवस हलले नाहीत. सेंट लॉरेन्सच्या खोऱ्यात थंड हवा अडकून बसली होती आणि वरून पाऊस येत राहिला. बर्फाच्या वजनाने विजेचे पोलादी मनोरे वाकून पडले, लाखो लोक अंधारात गेले.

मग बाहेर जाऊन बाही पुढे करा. टिकटिक वाजून उसळते ती गोळी. आवाज नाही, पण कठडा चकाकतोय, तर गोठता पाऊस. पांढरा, साबुदाण्याएवढा आणि चिमटीत चुरडणारा दाणा म्हणजे ग्रॉपेल, थंडगार थेंब चिकटून चिकटून मढलेला बर्फ. ‘स्लीट’ हा शब्द मात्र वापरू नका. अमेरिकेत तो गोळ्यांना लावतात, ब्रिटनमध्ये पाऊस-बर्फाच्या मिश्रणाला.

आणि घरी फोनवर या गोळ्यांना ‘गारा’ म्हणू नका. गारा उंच वादळी ढगात, वर उसळणाऱ्या हवेत वाढतात आणि खाली ३० अंश असतानाही पडतात. फेब्रुवारी-मार्च २०१४ ची गारपीट ज्यांनी पाहिली, त्यांना त्या शब्दासरशी आडवी झालेली पिकं दिसतात.

कठडा चकाकत असेल तर गाडी राहू द्या. पायऱ्यांवर मीठ थर जमायच्या आधी टाका, आणि फांद्या वाकलेल्या झाडाखालून जाऊ नका.