कर्दळीचे कंद हिवाळ्यात सांभाळणे आणि वसंतात ते जोमाने फुटवणे

कर्दळ ही मूळची अमेरिका खंडातील उष्ण आणि उपोष्ण प्रदेशांतली वनस्पती आहे. तिच्या पानांना आणि खोडांना गोठवणारी थंडी सोसत नाही, परंतु जमिनीखालचा मांसल कंद बराच चिवट असतो, कारण पानांनी हंगामभर तयार केलेले अन्न त्यात पिष्टाच्या रूपाने साठलेले असते आणि पुढच्या वर्षीचे पहिले कोंब त्याच शिदोरीवर वर येतात. हा कंद हिवाळ्यात दगावला, तर दोष सहसा थंडीला दिला जातो. घरात आणून ठेवलेला कंद मात्र बहुधा ओलीमुळेच वाया जातो. त्यामुळे हिवाळाभर पाणी तोडणे आणि वसंतात आधी ऊब देऊन मग पाणी देणे हे दोन नियम पाळले, तर बाकीच्या गोष्टींत थोडे इकडेतिकडे झाले तरी चालते.

जिथे जमीन कधीच गोठत नाही, तिथे कंद उकरण्याची गरज नाही. अशा ठिकाणी थंडीने पाने करपल्यावर खोडे जमिनीलगत कापावीत आणि वाफ्यावर कोरड्या पानांचे किंवा पेंढ्याचे दहा ते पंधरा सेंटीमीटर जाडीचे आच्छादन घालावे. पाणी साचणाऱ्या चिकण मातीत मात्र हा सोपा मार्गही धोक्याचा ठरतो. निचरा होत नसेल, तर सौम्य हिवाळ्यातही कंद बाहेर काढलेलेच बरे.

जिथे जमीन गोठते, तिथे काम हिवाळ्याच्या आधीच सुरू होते. थंडी येण्यापूर्वी दीड-दोन महिने नत्रयुक्त खत बंद करावे, म्हणजे झाड कोवळी वाढ करण्यात शक्ती घालवत नाही. पाने हिरवी असेपर्यंत ती कापण्याची घाई करू नये, कारण त्या शेवटच्या आठवड्यांतही कंद भरत असतो. ज्या झाडांच्या पानांवर शिरांच्या बाजूने पिवळे पट्टे किंवा ठिपके दिसतात, जी खुरटतात किंवा ज्यांची फुले रंग फुटल्यासारखी रेघाळ येतात, त्यांना याच काळात खूण करून ठेवावी. ही लक्षणे बहुधा विषाणूची असतात. विषाणू कंदातही राहतो आणि त्यावर औषध नाही, म्हणून असे झाड साठवणीत न ठेवता मुळासकट काढून नष्ट करावे. त्याचे तुकडे कंपोस्टच्या खड्ड्यातही टाकू नयेत. एखादा आवडता वाण असा गमावणे जिवावर येते खरे, पण तो ठेवल्यास मावा आणि छाटणीची हत्यारे यांच्यामार्फत शेजारची निरोगी झाडेही बाधित होतात. त्याच वेळी प्रत्येक वाणाच्या नावाची चिठ्ठी तयार ठेवावी. उकरलेले कंद एकमेकांसारखेच दिसतात आणि वसंतात लाल कोणता व पिवळा कोणता हे ओळखता येत नाही.

पहिल्या कडाक्याने पाने काळी पडली, की काही दिवसांतच, जमीन आतपर्यंत गोठण्यापूर्वी, कंद काढावेत. आधी खोडे दहा ते पंधरा सेंटीमीटर ठेवून कापावीत. मग बुंध्यापासून सुमारे तीस सेंटीमीटर अंतर सोडून चारही बाजूंनी दाताळ्याने माती सैल करावी आणि गड्डा खालून उचलावा. खोड धरून ओढल्यास कंद सांध्यापाशी मोडतो आणि प्रत्येक मोडलेली जागा कुजेला आमंत्रण देते. सैल माती हाताने झटकावी. चिकट माती असेल तर पाण्याने हलकेच धुवावी, पण मग सुकवण्याला जास्त वेळ द्यावा. गड्ड्याचे तुकडे करण्याचा मोह आत्ता टाळावा. विभागणी वसंतात केलेली चांगली, कारण तेव्हा डोळे, म्हणजे कोंब फुटण्याच्या जागा, स्पष्ट दिसतात आणि कापलेली जागा महिनोन्महिने उघडी राहत नाही.

यानंतर कंद सावलीत, वारा खेळता राहील अशा जागी, एका थरात पसरून तीन ते सात दिवस सुकवावेत. साल कोरडी व्हावी, पण आतला गर टणकच राहावा, एवढीच अपेक्षा असते. कापलेल्या खोडाच्या बुडख्यात पाणी भरून राहिलेले असते, म्हणून गड्डा काही वेळ उलटा ठेवून ते निथळू द्यावे. ही लहानशी गोष्ट बहुतेक जण विसरतात आणि नेमके तिथूनच सडणे सुरू होते.

साठवणीसाठी पुठ्ठ्याचे खोके, लाकडी पेटी किंवा जाळीदार क्रेट घ्यावे. त्यात कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), लाकडाचा भुसा किंवा व्हर्मिक्युलाइट (फुगवलेले हलके खनिज) यांचा थर देऊन कंद एकमेकांना टेकणार नाहीत असे ठेवावेत आणि वरून पुन्हा थर द्यावा. हे माध्यम जवळजवळ कोरडे असावे. मुठीत दाबल्यावर त्यातून पाणी सुटत असेल किंवा त्याचा गोळा होत असेल, तर ते जास्त ओले आहे असे समजावे. बंद प्लास्टिकची पिशवी वापरू नये, कारण कंदातून निघणारी वाफ आतच जमते. जागा अंधारी असावी आणि तापमान पाच ते दहा अंश सेल्सिअसच्या दरम्यान राहावे. शून्याखाली कंद गोठतो, वितळल्यावर मऊ पडतो आणि मग तो वाचत नाही. उलट पंधरा अंशांच्या वर तो वेळेआधीच कोंब काढू लागतो. महिन्यातून एकदा पेटी उघडून प्रत्येक कंद हाताने चाचपावा. मऊ किंवा दुर्गंधी येणारा भाग पांढऱ्या, टणक गरापर्यंत कापून काढावा, ती जागा सुकू द्यावी आणि तो कंद इतरांपासून वेगळा ठेवावा. कंद सुरकुतलेला दिसला, तर माध्यमावर पाण्याचा हलका फवारा पुरतो.

कुंडीतल्या कर्दळीचे काम याहून सोपे आहे. खोडे कापून कुंडी तशीच थंड, न गोठणाऱ्या खोलीत ठेवावी आणि वसंतापर्यंत पाणी जवळपास बंद करावे.

बाहेरची शेवटची गोठवणारी रात्र साधारण केव्हा येते त्याचा अंदाज घेऊन, त्याच्या सहा ते आठ आठवडे आधी कंद बाहेर काढावेत. धारदार सुरी स्पिरिटने पुसून प्रत्येक तुकड्याला दोन-तीन टपोरे डोळे राहतील अशी विभागणी करावी आणि दोन तुकड्यांच्या मधेही सुरी पुन्हा पुसावी. एकाच डोळ्याचा तुकडाही उगवतो, परंतु त्याची पहिली वर्षभर वाढ सावकाश असते. कापलेले तुकडे एक-दोन दिवस सुकवून, डोळे वर करून, निचरा होणाऱ्या माध्यमात पाच सेंटीमीटर खोल लावावेत. एकदा बेताचे पाणी द्यावे आणि कुंडी वीस ते पंचवीस अंशांच्या उबेत ठेवावी. यापुढचा संयम अवघड असतो: कोंब दिसेपर्यंत पुन्हा पुन्हा पाणी घालू नये. मुळे नसलेला कंद पाणी ओढत नाही, तो नुसता त्यात बसून राहतो. कोंब येण्यास दोन ते चार आठवडे लागू शकतात. ते दिसले, की कुंडी भरपूर उजेडात न्यावी, नाहीतर रोप लांबट आणि लुळे होते, आणि मग पाणी हळूहळू वाढवावे.

रात्रीचे तापमान सातत्याने दहा अंशांच्या वर आणि माती सुमारे पंधरा अंशांच्या वर आल्यावरच रोपे बाहेर लावावीत. त्याआधी सात ते दहा दिवस ती दिवसा बाहेर आणि रात्री आत ठेवून सरावू द्यावीत. थंड मातीत लवकर लावलेले रोप काही पुढे जात नाही. मागाहून उबदार मातीत लावलेले त्याला सहज गाठते. जागा किमान सहा तास थेट ऊन मिळणारी असावी. जमिनीत कुजलेले शेणखत किंवा कंपोस्ट मिसळून कंद आठ ते दहा सेंटीमीटर खोल लावावा. उंच वाणांत पंचेचाळीस ते साठ आणि बुटक्या वाणांत तीस सेंटीमीटर अंतर ठेवावे.

तीन-चार पाने उमलल्यावर कर्दळीची भूक आणि तहान दोन्ही वाढतात. त्या वेळी संतुलित खत द्यावे आणि माती कधीही पूर्ण सुकू देऊ नये. हिवाळ्यात ज्या पाण्याने कंद कुजला असता, तेच आता तिला भरपूर लागते. नत्राचा अतिरेक केला, तर पाने डोलदार होतात आणि फुले मागे पडतात. पाने उलगडण्याऐवजी गुंडाळलेलीच राहिली, तर आत पाने गुंडाळणारी अळी असण्याची शक्यता असते. ते पान उघडून अळी काढून टाकावी. एका दांड्यावरची फुले संपली, तरी त्याच खोडावर खालच्या पेरापासून दुसरा तुरा येऊ शकतो, म्हणून आधी केवळ वाळलेला तुरा खुडावा आणि तो दुसरा बहरही संपल्यावर ते खोड तळापासून कापावे, म्हणजे नव्या फुटव्यांना जागा आणि उजेड मिळतो.