गृहभेटीत आधी काय बघावं

बालसंरक्षणाच्या कामावर नव्याने रुजू झालेल्या ताया विचारतात, बालकल्याण समितीचा (संकटातल्या मुलांबाबत निर्णय घेणाऱ्या समितीचा) आदेश आला, पंधरा दिवसांत मुलाच्या घरच्या परिस्थितीचा सामाजिक तपासणी अहवाल द्यायचा आहे, तर घरात गेल्यावर सुरुवात कुठून करायची? फाटका पत्रा, रिकामा पिठाचा डबा लगेच डोळ्यांत भरतो आणि अहवाल त्यातच संपतो. माझं सांगणं एकच: आधी मुलाचं वय पक्कं करा, तेही महिन्यांत. आईला तारीख आठवत नसेल तर माता-बाल संरक्षण कार्ड मागा, नाहीतर अंगणवाडीताईंचं रजिस्टर बघा.

वय कळलं की त्याच खुणेचा अर्थ बदलतो. दीड वर्षाचं पोर धडपडतच चालतं, नडगीवर, कपाळावर काळंनिळं असणारच. पण चार महिन्यांच्या, धड पालथंही न होणाऱ्या बाळाच्या गालावर किंवा कानावर काळानिळा डाग दिसला, तर "पडलं" एवढ्यावर थांबू नका. त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.

दंडाचा घेरही मोजा. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा तो 11.5 सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर उपचार तातडीने हवेत. मात्र एवढ्यावरून आईला दोषी ठरवू नका. गरिबी म्हणजे हेळसांड नव्हे. अशा घराला राज्य सरकारच्या बालसंगोपन योजनेचे महिन्याला 2,250 रुपये मिळतील का, हे आधी बघा.

माझी एक चूक सांगते. बालगृहातली तीन वर्षांची मुलगी पहिल्याच भेटीत माझ्या मांडीवर येऊन बसली. मी लिहिलं, "मनमिळाऊ आहे." आठ-नऊ महिन्यांचं बाळ परक्याला बघून आईला बिलगतं, ते तिच्यावर जीव जडल्याचं लक्षण. कुणाही अनोळखी माणसाच्या गळ्यात पडणारं मूल बहुधा एका हक्काच्या माणसाला पारखं झालेलं असतं. रोमानियात बुखारेस्टच्या अनाथालयांतल्या 136 मुलांचा अभ्यास 2000 साली सुरू झाला. त्यात दोन वर्षांची होण्याआधी सांभाळ करणाऱ्या दुसऱ्या कुटुंबात (फॉस्टर केअरमध्ये) गेलेली मुलं जास्त सावरली. म्हणून लहानग्यांच्या फायली मी कधीच तळाशी जाऊ देत नाही.

चार-पाच वर्षांच्या मुलाला "कधी?", "किती वेळा?" विचारून उपयोग नाही. गणपती बसले होते का, शाळेतली खिचडी खाऊन झाली होती का, असं विचारा. "काकांनी मारलं ना?" असं तर कधीच नको, मोठ्या माणसाला मूल हो म्हणून टाकतं. जमिनीवर बसा, "मग काय झालं?" म्हणा आणि गप्प राहा. ते "बाऊ" म्हणालं तर अहवालातही "बाऊ"च लिहा.

"आई दुर्लक्ष करते" हा शेरा झाला. "मूल रडलं, आई चुलीपुढून उठली, कडेवर घेताच शांत झालं" हे तुम्ही पाहिलेलं. समितीला तेच हवं असतं.

आणि मुलाला घरातून हलवावंच लागलं, तर त्याची गोधडी सोबत घ्या. ती लगेच धुऊ नका, असं संस्थेतल्या मावशींनाही सांगून ठेवा. घराचा वास तिलाच असतो.