कॅमेरा फोकस पकडत नाही? दुरुस्तीला टाकण्याआधी हे करून बघा

ऐन हळदीत माझा कॅमेरा अडला. बटण दाबतोय, फोटो निघतोय, पण सगळे धुरकट. पाच मिनिटं घाम पुसल्यावर दिसलं की पिशवीतून काढताना लेन्सवरची कळ ‘एएफ’वरून (ऑटोफोकस) ‘एमएफ’वर (हाताने फोकस) सरकली होती. म्हणून पहिली नजर त्या कळीवर. काही कॅमेऱ्यांत ती बॉडीवर, म्हणजे खुद्द कॅमेऱ्यावर, किंवा मेनूत असते.

कळ जागेवर आहे, तरी लेन्स नुसती घरघरत पुढे-मागे करतेय? मग दोन पावलं मागे सरका. कॅमेऱ्यासोबत येणारी १८-५५ एमएमची किट लेन्स साधारण २५ सेंमीच्या आतलं काही पकडत नाही, ५० एमएमच्या बऱ्याच लेन्सना ३५ ते ४५ सेंमी लागतात. हे अंतर लेन्सच्या टोकापासून नाही, आत फोटो टिपणाऱ्या सेन्सरपासून मोजायचं. बॉडीच्या माथ्यावर आडवी रेघ मारलेलं छोटं वर्तुळ असतं, तीच सेन्सरची जागा.

अंतरही ठीक असेल, तर समोर काय आहे ते बघा. ऑटोफोकसला उजेड-सावलीची कड लागते. पांढरी भिंत, घाटातलं धुकं, अंधारातली काळी साडी, यांवर तो चाचपडत राहतो. मधला एकच फोकस पॉइंट निवडा, तो साडीच्या जरीकाठावर ठेवा, बटण अर्धं दाबून धरा आणि मग चौकट जुळवा. हे फोकसच्या सिंगल मोडमध्येच जमतं, त्यात एकदा लागलेला फोकस तिथेच थांबतो. कंटिन्युअसमध्ये चौकट हलली की फोकसही हलतो. तो मोड धावत्या पोरांसाठी.

तरीही अडत असेल तर कॅमेरा बंद करून लेन्स काढा, लेन्स जिथे बॉडीला जोडते तिथले सोनेरी संपर्कबिंदू कोरड्या मायक्रोफायबरने पुसा. खोडरबर घासायचा सल्ला मिळेल, ऐकू नका.

सेकंडहँड घेतलाय? अर्ध्या बटणावर काहीच हलत नसेल, तर आधीच्या मालकाने फोकस कॅमेऱ्याच्या पाठीवरच्या बटणावर नेलेला असू शकतो. सेटिंग रीसेट करा. निकॉनच्या डी३५००, डी५६०० अशा बॉडीत फोकसची मोटर नसते, त्यामुळे बॉडीतल्या मोटरवर चालणाऱ्या जुन्या एएफ-डी लेन्स त्यांवर हातानेच फिरवाव्या लागतात. तो बिघाड नव्हे.

फोकस लागल्याची टिकटिक होते, पण फोटो मऊ येतो? मोठा करून बघा. सगळंच एका दिशेला ओढल्यासारखं असेल तर हात हललाय, शटरचा वेग वाढवा. चेहरा मऊ आणि मागचा पडदा धारदार असेल तर फोकस चुकलाय. फोटो नीट, पण व्ह्यूफाइंडरमध्येच अंधूक दिसत असेल तर शेजारचं डायऑप्टरचं, म्हणजे डोळ्याच्या नंबराप्रमाणे जुळवायचं, चाक फिरवा. चष्मेवाल्यांना हे हमखास लागतं.

डीएसएलआरवर (आरशातून व्ह्यूफाइंडरमध्ये दाखवणारा कॅमेरा) शेवटची परीक्षा. ट्रायपॉड लावा, टेबलावर पट्टी तिरकी ठेवा, अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्सचं भोक, पूर्ण उघडा (सगळ्यात छोटा एफ-आकडा). पट्टीवरच्या एकाच आकड्यावर फोकस करून पाच फोटो व्ह्यूफाइंडरमधून, पाच लाइव्ह व्ह्यूवर, म्हणजे मागच्या स्क्रीनवर बघून, घ्या. लाइव्ह व्ह्यूचे धारदार आणि व्ह्यूफाइंडरचे दरवेळी एकाच बाजूला सरकलेले असतील, तर मेनूत फोकसची ही चूक भरून काढणारा ‘एएफ फाइन ट्यून’ किंवा तत्सम पर्याय शोधा. नसेल तर सर्व्हिस सेंटर गाठा, आणि जाताना लेन्ससोबत हे दहाही फोटो घेऊन जा.