वागाशी आणि जपानी चहाविधी : या चुका टाळा

नेरिकिरी या हाताने घडवलेल्या मिठाईला तडे जातात, दाइफुकु, म्हणजे सारण भरलेला चिकट तांदळाचा गोळा, दुसऱ्या दिवशी कडक होतो, माचात, म्हणजे हिरव्या चहाच्या पुडीच्या पेयात, हिरव्या गुठळ्या तरंगतात. वरवर पाहता या तीन वेगळ्या तक्रारी आहेत, पण मूळ एकच : पाणी. कुठे ते जास्त राहिलेले असते, कुठे उडून गेलेले असते, तर कुठे नको तेव्हा आत शिरलेले असते. वागाशी म्हणजे पारंपरिक जपानी मिठाई. तिच्यात तूप नाही, दूध नाही, खमंग भाजणे फारसे नाही. डाळीसारखे कडधान्य, तांदूळ, साखर आणि पाणी एवढ्यावरच बहुतेक सगळा खेळ असल्यामुळे पाण्याची चूक झाकायला दुसरे काहीच नसते.

जपानमधल्या क्योतो शहरात पर्यटकांसाठी वागाशीचे वर्ग चालतात. तिथे बहुधा तयार मळलेली, रंग घातलेली नेरिकिरी हातात दिली जाते. तासाभरात सुंदर फुले तयार होतात आणि घरी आल्यावर मात्र काहीच जमत नाही, कारण अवघड भाग वर्ग सुरू होण्याआधीच कोणीतरी उरकलेला असतो. तो भाग इथे आधी घेऊ.

पीठ चुकले तर पुढचे सगळे चुकते

मोदकाची पिठी आणून मोची, म्हणजे चिकट तांदळाचा लवचीक गोळा, करायला बसणे ही आपल्याकडची सर्वांत नेहमीची चूक. आंबेमोहोर किंवा इंद्रायणीचा भात मऊ आणि चिकट होतो खरा, पण तो मोचीचा चिकट तांदूळ नव्हे. मोचीच्या तांदळात जवळजवळ सगळा स्टार्च अमायलोपेक्टिन प्रकारचा असतो, आणि मोचीचा ताणला जाण्याचा गुण त्यातूनच येतो. मोदकाच्या पिठीची उकड तुटते, ताणली जात नाही.

जपानी दुकानात तीन पिठे शेजारी शेजारी दिसतात. शिरातामाको चिकट तांदळाचे, पाण्यात वाटून वाळवलेले, खडेदार असते. त्याची मोची सर्वांत मऊ आणि गुळगुळीत होते. मोचिकोही चिकट तांदळाचेच, पण बारीक भुकटीसारखे. जोशिन्को मात्र साध्या तांदळाचे, म्हणजे आपल्या मोदकाच्या पिठीचे भावंड. दाइफुकु आणि नेरिकिरीसाठी शिरातामाको घ्या. भारतात ते मिळत नसेल तर आसामच्या बोरा तांदळाचे पीठ कामी येते, कारण तो खराखुरा चिकट तांदूळ आहे. फक्त ते अगदी बारीक चाळून घ्यावे लागते.

शिरातामाकोच्या खड्यांवर सगळे पाणी एकदम ओतले की आतले खडे कोरडेच राहतात आणि शिजल्यावर दाताखाली येतात. पाणी चमच्याचमच्याने घाला, बोटाने खडे चिरडा, गंधासारखे झाले की उरलेले ओता.

आन : पुरणाची जाण इथे उपयोगी पडते

आन म्हणजे अझुकी (लहान तांबडे कडधान्य) किंवा पांढऱ्या घेवड्याचे गोड सारण. पुरण घालणाऱ्या हाताला त्यातले निम्मे आधीच माहीत असते. डाळ मऊ शिजण्याआधी गूळ घातला तर ती दडस राहते, अझुकीचेही तसेच. दाणा अंगठा आणि करंगळीच्या चिमटीत सहज चिरडला गेल्याशिवाय साखर घालू नका. साखर एकदम न घालता दोनतीन हप्त्यांत घाला, म्हणजे दाणा आक्रसत नाही.

अझुकीची उग्र, तुरट चव राहिली तर पहिले पाणी फेकलेले नाही असे समजा. २५० ग्रॅम अझुकी धुऊन, भिजत न घालता, भरपूर पाण्यात उकळा. उकळी आल्यावर पाचेक मिनिटांनी ते तांबूस पाणी ओतून टाका आणि नव्या पाण्यात मंद आचेवर तासभर तरी शिजवा. दाणे सतत पाण्याखाली राहिले पाहिजेत. उघडे पडले की साली फाटतात आणि शिजणे असमान होते. साखर २०० ते २५० ग्रॅम आणि शेवटी चिमूटभर मीठ.

सालीसकट ठेवलेल्या आनला त्सुबु-आन म्हणतात, गाळलेल्या गुळगुळीत आनला कोशी-आन. कोशी-आनसाठी मिक्सरचा मोह होतो आणि तिथेच आन चिकट, खळीसारखे होते. शिजलेल्या दाण्यातला स्टार्च पेशींच्या आत बंद असतो आणि त्या अख्ख्या पेशींमुळेच आन जिभेवर रेशमासारखे सुटे लागते. पाते जोरात फिरले की पेशी फुटतात आणि स्टार्च बाहेर येतो. पुरणयंत्रातून पहिला हात फिरवायला हरकत नाही. त्यानंतर बारीक चाळणीवर पाणी ओतत गाळा, भांडे स्थिर ठेवून गाळ खाली बसू द्या, वरचे पाणी ओता, हे दोनतीनदा करा आणि शेवटी कापडात घट्ट पिळा. मग साखर घालून आटवा. पुरणात उलथणे उभे राहते तशीच खूण इथे आहे : उलथण्याने तळावर ओढलेली रेघ लगेच भरून येत नाही आणि टाकलेला गोळा टोक धरून उभा राहतो. थंड झाल्यावर आन आणखी घट्ट होते, म्हणून गॅस किंचित आधी बंद करा.

नेरिकिरी : तडे, चिकटपणा, फाटलेली पारी

नेरिकिरी म्हणजे पांढऱ्या घेवड्याचे शिरो-आन आणि थोडी ग्यूही, म्हणजे मऊ मोची, यांचा मळलेला गोळा. घरगुती प्रमाण : शिरो-आन ३०० ग्रॅम, शिरातामाको १० ग्रॅम, पाणी २० मिली. ग्यूहीचे प्रमाण वाढवले की गोळा ताणला जातो, पण त्यावर रेघा उमटत नाहीत. पाकळीची कड बोथट दिसत असेल तर ग्यूही जास्त झाली असे समजा.

हाताला चिकटणे ही पहिली तक्रार. विकतचे शिरो-आन ओलसर असते आणि ते तसेच वापरले जाते. ते पसरट काचेच्या भांड्यात पसरा, वर कागदी रुमाल ठेवा, ६०० वॅटच्या मायक्रोवेव्हमध्ये दोनतीन मिनिटे तापवा, काढून ढवळा, मग एकेक मिनिट वाढवत न्या. उकडलेला बटाटा कोरडा करताना कडेला पांढरी भुकटी धरते, तसे दिसले की थांबा. आता पाण्यात कालवलेले शिरातामाको घालून नीट ढवळा आणि पुन्हा मिनिटभर तापवा. पालथा हात लावून पाहा : गरम लागले पाहिजे, चिकटता कामा नये.

यानंतरची पायरी बहुतेक जण गाळतात. घट्ट पिळलेल्या ओल्या कापडावर गोळ्याचे लहान लहान तुकडे तोडून पसरा, वाफ जाऊ द्या, गोळा करून मळा, पुन्हा तोडा. असे तीनचार वेळा. वाफ आत कोंडली तर गोळा नंतर घाम सोडतो. तोडून मळल्याने तो पांढराशुभ्र आणि एकजीव होतो. एवढ्या एका गोष्टीने साध्या आणि उत्तम नेरिकिरीत फरक पडतो.

तडे पडण्याची कारणे दोन. गोळा उघडा राहून वाळला, किंवा हातातच फार वेळ राहिला. वापरात नसलेला गोळा नेहमी ओलसर कापडाखाली ठेवा. बारीक तडा गेलाच तर बोट पाण्यात बुडवून पुसा आणि त्या ओलाव्याने तेवढीच जागा चोळा. थेंब लावला की ती जागा चकचकीत आणि चिकट होते.

पारी फाटून आतले सारण दिसत असेल तर सारणाचा घट्टपणा तपासा. बाहेर २५ ग्रॅम नेरिकिरी, आत १५ ग्रॅम कोशी-आनची गोळी, आणि दोन्ही दाबल्यावर सारखीच मऊ लागली पाहिजेत. सारण कडक असेल तर पारी त्याच्यावर ताणून फाटते. पारी मोदकासारखी कडेला पातळ आणि मध्ये जाड ठेवा. बंद करताना गोळा फिरवत कडा हळूहळू वर चढवा. वजन डोळ्याने न मापता काट्यावर करा, कारण १५ ग्रॅमच्या गोळीत २ ग्रॅमही खूप होतात.

रंग टूथपिकच्या टोकाने घाला. वागाशीचा रंग धुक्यातून दिसल्यासारखा असावा, भडक रंग मिठाईला स्वस्त करतो. आणि ऋतू पाहा. शरद ऋतूत साकुराचे, म्हणजे वसंतातल्या चेरीचे, फूल ठेवणे जपानी यजमानाला खटकते. तिथे मिठाई ऋतूच्या किंचित पुढे चालते : जूनमध्ये हायड्रेंजिया, मेपल लाल होण्याआधी मेपलचे पान. क्योतोत ३० जूनला मिनाझुकी खातात, पांढऱ्या त्रिकोणी वडीवर अझुकीचा थर असलेली.

दाइफुकु आणि योकान

दाइफुकुसाठी शिरातामाको १०० ग्रॅम, साखर ५० ग्रॅम, पाणी १२० मिली. पांढरा अपारदर्शक गोळा अर्धपारदर्शक होईपर्यंत, मधे मधे ढवळत, मायक्रोवेव्हमध्ये शिजवा. आरोग्याच्या विचाराने साखर निम्मी केली की काही तासांत तो कडक होतो. साखर पाणी धरून ठेवते आणि स्टार्चला पुन्हा घट्ट व्हायला वेळ लावते. फ्रिजचे तापमान स्टार्चला सर्वांत लवकर कडक करते, म्हणून दाइफुकु त्याच दिवशी संपवा.

योकानसाठी, म्हणजे आनच्या जेलीसारख्या वडीसाठी, कान्तेन लागतो. कान्तेन म्हणजे अगार, आपल्याकडचा चायना ग्रास. तो जिलेटिनसारखा नुसत्या कोमट पाण्यात विरघळत नाही. थंड पाण्यात घालून, उकळी आणून, दोन मिनिटे उकळावा लागतो. साखर आणि आन त्यानंतर. मऊ मिझु-योकानला ५०० मिली पाणी, ४ ग्रॅम पूड आणि ४०० ग्रॅम कोशी-आन पुरते. वर पारदर्शक आणि खाली दाट असे दोन थर झाले तर मिश्रण फार गरम असताना साच्यात ओतले आहे. भांडे गार पाण्यात ठेवून, दाटसर होईपर्यंत ढवळा आणि मगच ओता. फार थांबलात तर मात्र भांड्यातच धरेल, कारण कान्तेन ४० अंशांच्या आसपास घट्ट होतो.

माचा

गुठळ्यांचे कारण बहुधा ओले भांडे किंवा न चाळलेली पूड. चावान, म्हणजे वाडगा, गरम पाण्याने तापवल्यावर कोरडा पुसा. फ्रिजमधला डबा खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय उघडू नका, नाहीतर हवेतला दमटपणा पुडीवर बसतो. मुंबईच्या पावसाळ्यात तर हे कटाक्षाने पाळा.

उसुचा, म्हणजे पातळ माचासाठी २ ग्रॅम पूड आणि साधारण ८० अंशांचे ७० मिली पाणी. उकळते पाणी ओतले की कडवटपणा वर येतो. चासेन ही बांबूची रवी. नारा प्रांतातले ताकायामा तिच्यासाठी प्रसिद्ध आहे. तिची टोके आधी गरम पाण्यात भिजवा, कोरडी टोके मोडतात. ताक घुसळल्यासारखी ती गोल फिरवू नका. मनगट सैल ठेवून पुढे-मागे झटपट चालवा, तळाला न घासता. फेस सगळीकडे हवाच असे नाही. उरासेन्के या चहाघराण्याच्या परंपरेत तो भरपूर असतो, ओमोतेसेन्के घराण्यात थोडी जागा मोकळी ठेवतात. चासेनला साबण कधीही लावू नका.

चहाविधीला जाताना

चहाविधीचे थोर आचार्य सेन नो रिक्यू (१५२२–१५९१) यांच्या वंशातून ओमोतेसेन्के, उरासेन्के आणि मुशाकोजीसेन्के ही तीन घराणी आली. हालचाली घराण्यागणिक थोड्या बदलतात, म्हणून यजमान दाखवतील तेच खरे. काही गोष्टी मात्र सगळीकडे सारख्या.

अंगठ्या, घड्याळ, बांगड्या आणि लोंबते मंगळसूत्र काढून किंवा आत सरकवून ठेवा. वाकताना ते वाडग्यावर आपटते आणि काही वाडगे शेकडो वर्षांचे असतात. अत्तर आणि मोगऱ्याचा गजरा टाळा, खोलीत उदाचा मंद वास असतो आणि चहाचाही. स्वच्छ पांढरे मोजे बरोबर न्या. तातामीच्या, म्हणजे जमिनीवरच्या गवती चटईच्या, कापडी कडेवर पाय देऊ नका.

मिठाई चहाच्या आधी संपवायची असते. एक घास मिठाई, एक घोट चहा असे आपल्या सवयीने केले तर मांडणीच बिघडते. जिभेवर उरलेल्या गोडव्यावर माचा यावा म्हणूनच ती आधी दिली जाते. मिठाई काइशी या कागदावर घेऊन कुरोमोजी झाडाच्या काडीने दोनतीन तुकडे करा. पुरे झाली तर उरलेली त्याच कागदात गुंडाळून घरी न्या, ताटात टाकू नका.

वाडगा उजव्या हाताने उचला, डाव्या तळहातावर ठेवा आणि घड्याळाच्या दिशेने दोनदा थोडा फिरवा. यजमानाने त्याची दर्शनी बाजू तुमच्याकडे केलेली असते, तिला ओठ न लावणे हा त्यामागचा आदर. शेवटचा घोट आवाज करून ओढला तरी चालतो. पिऊन झाल्यावर ओठ लागलेली जागा बोटांनी पुसा, बोटे काइशीला पुसा आणि वाडगा उलटा फिरवून जागी आणा.

शाकाहारींना नेरिकिरी, योकान आणि दाइफुकु सहसा चालतात. दोरायाकी (आन भरलेला पॅनकेक) आणि कास्तेरा (स्पंज केक) यांत अंडे असते. पूर्ण चहामेजवानीत, म्हणजे चाजीत, जेवणही असते आणि त्यातल्या रश्शात माशांचा अर्क असतो, तेव्हा आरक्षण करतानाच सांगा. गुडघे दुखत असतील तर टेबल-खुर्चीवरच्या र्यूरेइ पद्धतीची जागा मागा. क्योतोतल्या १८७२ च्या प्रदर्शनासाठी ती उरासेन्के घराण्यातच तयार झाली, त्यामुळे त्यात कमीपणा नाही. सेइझात, म्हणजे पाय मुडपून बसलात आणि मुंग्या आल्या, तर झटकन उठू नका. आधी चवडे उभे करून टाचांवर बसा, दहावीस सेकंद थांबा, मग एक पाय पुढे टेकवून उठा.